पुन्हा अर्ज करताना : प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्या घरी दार अर्धे लोटलेले असते आणि कोणी विचारलेच तर "यंदा थांबली आहे" किंवा "ड्रॉप घेतला" एवढेच उत्तर मिळते. स्मरणिकेत पहिल्या घरांतील मुलामुलींची छायाचित्रे छापली जातात, गुणवंतांचा सत्कार होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या घरांविषयी कोणी लिहीत नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत अशी घरे थोडी नाहीत. प्रस्तुत लेख त्या घरांसाठी आहे.

मागे पडलेल्या वर्षाबद्दल समाजात दोन समजुती आढळतात. एक म्हणजे वर्ष गेले म्हणजे मूल वाया गेले. दुसरी म्हणजे वर्षभर शिकवणी लावली की पुढच्या वर्षी प्रवेश नक्की. आमच्या मते या दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत. पहिलीमुळे हुशार मूल शिक्षण सोडून कामाला लागते किंवा मुलीचे लग्न उरकले जाते. दुसरीमुळे मजुरीतून आणि कपाशी-सोयाबीनच्या पैशातून साठवलेली रक्कम खर्च होते आणि वर्षाअखेरीस मूल पुन्हा त्याच जागी उभे राहते. म्हणून थांबावे की थांबू नये, थांबल्यास त्या वर्षात काय करावे आणि पुन्हा अर्ज करताना काय सांभाळावे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

पदव्यांच्या मधली वर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्या पदव्यांच्या मधली वर्षे आपण फारशी मोजत नाही. ती मोजली तर आजच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी असा धडा मिळतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी नाव घातले. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. हातात पैसे नव्हते, पुढे काय होईल ते ठाऊक नव्हते, तरी परत येण्याचा दरवाजा त्यांनी नियमाप्रमाणे उघडा ठेवला.

पुढची तीन वर्षे सोपी नव्हती. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि अपमान सोसून मुंबईला परतावे लागले. त्यांनी खासगी शिकवण्या केल्या. सल्लागाराचा व्यवसाय करून पाहिला, पण जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि १९२० च्या मार्चपर्यंत तेथे त्यांनी शिकवले. याच काळात १९१९ साली त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पगारातून शिल्लक टाकली. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची त्यात भर पडली, आणि १९२० च्या सप्टेंबरमध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. चार वर्षांची मुदत संपण्याआधी एक वर्ष शिल्लक होते.

१९२१ साली त्यांनी एम.एस्सी. ही पदवी मिळवली. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी.एस्सी. साठी सादर केला. तो प्रबंध पहिल्या वेळी आहे त्या स्वरूपात स्वीकारला गेला नाही. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून द्यावा असे सुचवले. तोपर्यंत पैसे संपत आले होते, म्हणून ते मुंबईला आले, येथे प्रबंध सुधारून लिहिला, ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. पहिल्यांदा नाव घातले त्याला सात वर्षे झाली होती. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर केल्यानंतर १९२७ साली रीतसर मिळाली.

विद्यार्थी मित्रहो, आपले वर्ष आणि बाबासाहेबांची ती वर्षे यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळचे अडथळे वेगळे होते आणि ते माणूसही वेगळे होते. परंतु त्यांच्या कामाची रीत आपल्याला घेता येते. ती अशी : जाण्यापूर्वी परत येण्याचा नियम विचारून घेतला, मधली वर्षे कमाई, वाचन आणि समाजकार्य यांत लावली, परत जाण्याची मुदत लक्षात ठेवली, आणि नकार आल्यावर विषय न बदलता, परीक्षकांना जे खटकले तेवढे दुरुस्त केले. पुढील सर्व विवेचन या चार गोष्टींच्या आधारेच केले आहे.

आधी नकाराचे कारण शोधा

प्रवेश मिळाला नाही असे सांगणाऱ्या मुलाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "कशामुळे ?" बहुधा उत्तर येते, "मार्क कमी पडले." प्रत्यक्ष कागद पाहिले की नेहमीच तसे नसते. नकाराची मुख्यतः चार कारणे असतात, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

पहिले कारण : प्रवेश परीक्षेत खरोखरच गुण कमी पडले. येथे अभ्यासाचा इलाज आहे आणि थांबण्याचा विचार करण्यास जागा आहे.

दुसरे कारण : प्रवेश परीक्षेत गुण होते, पण बारावीची अट पूर्ण झाली नाही. नीटसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जातीला ४० टक्के लागतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसाठी ही मर्यादा अनुक्रमे ४५ आणि ४० टक्के आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत जेईईच्या आधारे जायचे, तर बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जातीला ६५ टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावे लागते. अशा विद्यार्थ्याने वर्षभर फक्त प्रवेश परीक्षेची शिकवणी लावून उपयोग नाही. त्याने मंडळाची गुणसुधार योजना पाहावी. उत्तरपत्रिकेत चूक झाल्याचा संशय असेल तर छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा. मात्र या अर्जांची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. शोक करण्यात ते दिवस गेले तर संधीही जाते.

तिसरे कारण : गुण होते, पण कागद नव्हता. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने राखीव जागेवरील प्रवेश गेला, उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, नावात फरक निघाला. अशा विद्यार्थ्याला एका दिवसाच्याही शिकवणीची गरज नसते. त्याला तहसीलची आणि समाजकल्याणची वाट माहीत असलेला माणूस हवा असतो.

चौथे कारण : गुण आणि कागद दोन्ही होते, पण पर्यायांचा अर्ज नीट भरला नाही. शेजाऱ्याच्या मुलाने लिहिली तीच महाविद्यालये लिहिली, दोनच पर्याय दिले, पुढच्या फेरीला हजरच राहिले नाही, किंवा भाड्याच्या आणि वसतिगृहाच्या भीतीने मिळालेली जागा सोडून दिली. येथे वर्ष अभ्यासाअभावी गेले नाही, माहितीअभावी गेले.

म्हणून थांबण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. त्यावर आपले गुण, आपला क्रमांक, आपण मागितलेल्या महाविद्यालयांत आपल्या प्रवर्गातून शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक, आणि आपल्याकडे नसलेले कागद असे चार रकाने पाडावेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन वर्षांचे गुण एकमेकांशी ताडून पाहू नयेत, क्रमांक आणि पर्सेंटाईल पाहावेत. नीट २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे अनेक होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. प्रश्नपत्रिका कठीण निघाली की सर्वांचेच गुण उतरतात. "गेल्या वर्षी एवढ्यावर लागले होते" या वाक्यावर विसंबणारे दरवर्षी फसतात.

जुना अनुभवही तपासून घ्यावा. वैद्यकीय प्रवेशात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा पूर्वी होता. तो २०२० साली रद्द झाला. ज्या काकांनी किंवा मामांनी त्या काळात मुलाला प्रवेश मिळवून दिला, त्यांचा सल्ला मनापासून दिलेला असला तरी आजच्या नियमात बसेलच असे नाही.

थांबावे की थांबू नये ?

गुण कमी पडलेल्या विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, मागील वर्षी माझा अभ्यास कोठे अडला हे मला विषयवार आणि प्रकरणवार सांगता येते काय ? जो "सगळेच थोडे थोडे राहिले" असे म्हणतो, त्याचे पुढचे वर्षही तसेच जाण्याचा संभव अधिक. दुसरा, मला हवा असलेला क्रमांक आणि माझा क्रमांक यांत अंतर किती ? तिसरा, हा अभ्यासक्रम मला हवा आहे, की घरच्यांना आणि वस्तीला हवा आहे ? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी मुलाला मोकळेपणी देऊ द्यावे.

नियमांची बाजूही समजून घ्यावी. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, आणि कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली आहे. जेईई मेन बारावी उत्तीर्ण झालेल्या वर्षी आणि त्यानंतरच्या दोन वर्षी देता येते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. म्हणजे आयआयटीचे स्वप्न असेल तर थांबण्याचे एकच वर्ष हाती असते. राज्याची सीईटी दरवर्षी नव्याने देता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पदवी प्रवेशालाही सीईटी लागते, आणि २०२४ पासून बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांनाही सीईटी सुरू झाली आहे. नीट देणाऱ्या मुलाने सीईटीचा अर्ज भरूच नये, हा आपल्याकडील प्रघात सोडावा. कृषी आणि औषधनिर्माणशास्त्र ही दारे विनाकारण बंद होतात.

मर्यादा नाही म्हणून कितीही वर्षे थांबावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. एक वर्ष थांबणे हा विचार असू शकतो. तिसऱ्या वर्षी थांबणे ही बहुधा सवय असते. म्हणून थांबण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे की पुढच्या जुलैमध्ये अमुक क्रमांक आला नाही, तर अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा. हे आधी ठरलेले असले म्हणजे दुसरा निकाल मुलाच्या छातीवर बसत नाही.

पूर्ण थांबण्याला पर्यायही आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. त्यापूर्वी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला पदवीच्या प्रत्येक कामासाठी नागपूर विद्यापीठाकडे पाहावे लागत असे. आज या विद्यापीठाशी संलग्न विज्ञान, वाणिज्य आणि कला महाविद्यालये तालुक्याच्या गावीही आहेत. बी.एस्सी. ला प्रवेश घेऊन पुढच्या वर्षीची प्रवेश परीक्षा देणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र अमरावतीला आहे. तेथील अभ्यासक्रम घरी राहून पुरा करता येतो. नव्या पद्धतीत मिळवलेली क्रेडिट्स शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात, त्यामुळे केलेला अभ्यास सर्वस्वी वाया जात नाही.

येथे शिष्यवृत्तीचा मुद्दा विसरू नये. एका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती घेतली, तो सोडला आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला पुन्हा बसले, तर शिष्यवृत्तीबाबत अडचण येऊ शकते. असा बेत असेल तर प्रवेश घेण्यापूर्वीच जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावे आणि शक्य तो उत्तर लेखी घ्यावे. बाबासाहेबांनी लंडन सोडण्यापूर्वी हेच केले होते.

कागदपत्रांची पिशवी

थांबलेल्या वर्षाचा एक मोठा फायदा असा की कागदपत्रांना वेळ मिळतो. हा फायदा जो घेत नाही, त्याचे निम्मे वर्ष फुकट गेले असे समजावे.

जातीच्या दाखल्याबाबत बौद्ध विद्यार्थ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. राज्यात अनुसूचित जातीला १३ टक्के आणि केंद्रीय संस्थांत १५ टक्के जागा राखीव असतात. दोन्ही ठिकाणी अर्ज करायचा तर राज्याच्या कामाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला, असे दोन्ही जवळ ठेवावेत. केंद्राच्या दाखल्यावर धर्मांतरापूर्वीच्या मूळ जातीचा उल्लेख लागतो. फक्त 'बौद्ध' एवढ्या शब्दावर केंद्रीय संस्थेतील अर्ज अडकू शकतो.

जात वैधतेचा कायदा महाराष्ट्रात २००१ साली अमलात आला. पडताळणी समिती अर्जदाराच्या वडिलांकडील पूर्वजांचा पुरावा मागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची मानली जाते. त्यापूर्वीचा जात व वास्तव्य दाखवणारा कागद मिळाला तर काम सुकर होते. असा कागद शोधायचा कोठे ? आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले तेथील दाखल-खारीज रजिस्टर, तहसील कार्यालयातील कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि जमीन असेल तर जुने महसुली उतारे. पणजोबा शाळेत गेले नसतील, पण घरातील कोणाच्या तरी जन्माची नोंद कोतवाल बुकात असते. बऱ्याच घरांत आजोबांच्या दाखल्यावर मूळ जात, वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही लिहिलेले असते. याने घाबरून जाऊ नये. वंशावळीचे शपथपत्र आणि प्रत्येक पिढीचा एकेक कागद लावून ही साखळी जुळवावी लागते. आत्या, काका किंवा चुलत भाऊ यांपैकी वडिलांकडील कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत अवश्य जोडावी. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर अशा तालुक्यांतून आजोबांचे मूळ गाव शोधत जाणे हे एका दिवसाचे काम नाही. सोयाबीनच्या सोंगणीआधी ते उरकावे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असावा आणि तो त्या वर्षासाठी चालू आहे हे पाहावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना आहे, तिला आपल्याकडे 'फ्रीशिप' म्हणतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून सुरू असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. या सर्वांसाठी बँकेचे खाते आधारला जोडलेले असावे.

थांबलेल्या वर्षासाठी 'गॅप'चे शपथपत्र मागतात. त्यात कोणत्या परीक्षेनंतर, कोणत्या कारणासाठी शिक्षणात खंड पडला आणि त्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, एवढे सरळ लिहावे. खोटे आजारपण लिहू नये. प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो, किंवा घरची अडचण होती, हे कारण लाजिरवाणे नाही. शपथपत्र कोणत्या कागदावर आणि कोणत्या नमुन्यात हवे ते महाविद्यालयाला आधी विचारावे. बी.एस्सी. ला प्रवेश घेतला असेल तर मात्र ते वर्ष गॅप म्हणून दाखवू नये. तो प्रवेश मुदतीत आणि लेखी अर्ज देऊन रद्द करावा आणि शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला हाती घ्यावा.

वर्षाची आखणी

जुलै आणि ऑगस्ट हे महिने नकाराचे कारण शोधण्यात आणि कागद जमवण्यात घालवावेत. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अभ्यासक्रम एकदा पूर्ण करावा. गेल्या वर्षी अडलेली प्रकरणे आधी, येणारी नंतर. आपल्याला येते तेच पुन्हा पुन्हा सोडवण्यात समाधान असते, पण गुण वाढत नाहीत. थंडीच्या दिवसांत परीक्षांचे अर्ज निघू लागतात. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत आणि दुसरे एप्रिलमध्ये असते, सीईटी साधारण एप्रिल-मे मध्ये आणि नीट मेच्या आरंभी. अर्ज भरताना नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. जानेवारीपासून पूर्ण वेळ लावून सराव प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. वेळ लावल्याशिवाय केलेला सराव हा सराव नव्हेच.

अकोला हे आता साऱ्या वऱ्हाडाचे शिकवणीचे गाव झाले आहे. बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडूनही मुले तेथे खोली करून राहतात. शिकवणी वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे आणि मेसचा डबा यांचा हिशोब वहीत मांडल्याशिवाय पैसे भरू नयेत. मागील वर्षी शिकवणी लावूनही अडलेल्या विद्यार्थ्याने तीच शिकवणी दुसऱ्यांदा लावण्याआधी, तेथे आपल्याला काय मिळाले नाही हे ठरवावे. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी निराश होऊ नये. एनसीईआरटीची पुस्तके आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोबाईलवर विनामूल्य मिळतात. कमी असते ती शांत जागा आणि चुका दाखवणारा माणूस. अर्धवेळ काम करून शिकणे हाही कमीपणा नाही. मात्र कामाचे तास ठरलेले असावेत.

घरातील माणसांसाठी दोन शब्द

थांबलेल्या मुलाला सर्वांत जास्त त्रास अभ्यासाचा होत नाही, चौकातल्या प्रश्नांचा होतो. लग्नात, तेराव्याला, जयंतीच्या मिरवणुकीत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काय रे, सध्या काय करतोस ?" पालकांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः द्यावे आणि ताठ मानेने द्यावे. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना घरात तरी करू नये.

मुलींच्या बाबतीत आमची विशेष विनंती आहे. मुलगा थांबला तर 'तयारी करतो' म्हणतात आणि मुलगी थांबली तर स्थळे येऊ लागतात. वर्षभर घरी आहे म्हणून स्वयंपाक, धाकटी भावंडे आणि आजीचे दुखणे तिच्यावर पडते, आणि मग गुण वाढले नाहीत असे म्हटले जाते. तिच्या अभ्यासाचे तास घरातील सर्वांनी मान्य करावेत. लग्नाचा विषय त्या वर्षापुरता तरी घराबाहेर ठेवावा.

मूल जेवेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, बोलेनासे झाले किंवा "मी नसतो तर बरे" असे बोलू लागले, तर तो नखरा समजू नये. अशा वेळी उपदेश न करता जवळ बसावे, ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. कोणतीही जागा, कोणतेही महाविद्यालय मुलाच्या जिवापेक्षा मोठे नाही.

आणखी एक धोका सांगणे आवश्यक आहे. निकालानंतर "पैसे भरा, जागा मिळवून देतो" म्हणणारे दलाल फिरतात. प्रवेश हा अधिकृत प्रवेश फेऱ्यांतूनच होतो. ज्या पैशाची पावती मिळत नाही तो पैसा देऊ नये, आणि मूळ कागदपत्रे कोणाच्याही हाती ठेवू नयेत.

आपण सभासद काय करू शकतो ?

गुणवंतांचा सत्कार आपण करतोच. त्याच्या जोडीला चार गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. विहाराची किंवा समाजमंदिराची एक खोली संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासासाठी उघडी ठेवावी, तेथे दिवा आणि पंखा असावा. नोकरीतील सभासदांनी जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून दोन रविवार कागदपत्रे तपासून द्यावीत. ज्यांच्या घरी वैधता मिळालेली आहे त्यांनी आपली फाईल इतरांना दाखवावी, कारण एका घराचा अनुभव दहा घरांचे हेलपाटे वाचवतो. आणि ज्या मुलामुलींना दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला, त्यांना सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर बोलावून ते वर्ष त्यांनी कसे काढले हे सांगू द्यावे. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे भाषण ऐकून टाळ्या पडतात. दुसऱ्या प्रयत्नाच्या विद्यार्थ्याचे बोलणे ऐकून मागच्या रांगेत बसलेले एखादे मूल घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडते.

विद्यार्थी मित्रहो, पुन्हा अर्ज करणारा विद्यार्थी हा पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यापेक्षा एका अर्थी पुढे असतो. त्याला परीक्षा ठाऊक असते, स्वतःची उणीव ठाऊक असते आणि नकार पचवणे ठाऊक झालेले असते. ही शिदोरी नीट वापरली तर वर्ष वाया गेले असे म्हणण्याचे कारण राहणार नाही. प्रयत्न करूनही ती जागा मिळाली नाही, तर आधी ठरवलेल्या दुसऱ्या वाटेने मान वर ठेवून चालू लागावे. शिक्षण चालू राहिले पाहिजे, मग ते वैद्यकीयचे असो की बी.एस्सी. चे, अमरावतीत असो की अकोल्यात. सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक मंगल कामना. जयभीम.